तळघराचा वाद

रात्रीची वेळ. एका शाळेच्या आवारातून दोन माणसं लंगडत पळताहेत. पाठीवर शस्त्रक्रियेच्या सामानाच्या पिशव्या, मागे मुडद्यांची झुंड. हे सामान वेळेत पोचलं नाही तर गोळी लागून पडलेला एक लहान मुलगा दगावणार. ती गोळी हरणाच्या शिकारीत चुकून झाडली होती या दोघांतल्याच एकाने, ऑटिसने. दुसरा शेन, त्या मुलाच्या बापाचा जिवलग मित्र. काडतुसं संपत आलेली. शेन ऑटिसची माफी मागतो आणि त्याच्याच पायात गोळी घालतो. मुडदे ऑटिसवर तुटून पडतात, शेन सुटतो, मुलगा वाचतो.

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला, ऑक्टोबर २०११ मधला हा प्रसंग. मालिका संपूनही आता काही वर्षं झाली. पण ती मनापासून पाहिलेल्या चार माणसांत ‘शेनचं चुकलं काय?’ एवढंच म्हणून बघा, पुढचा तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही. एक म्हणेल, दोघंही मेले असते तर मुलगाही गेला असता, हिशेब सरळ आहे. दुसरा म्हणेल, मग स्वतःच्या पायात का नाही घातली? तिसरा ऑटिसच्या बायकोची आठवण काढेल, कारण शेन तिच्यासमोर ऑटिसच्या बलिदानाची खोटी गोष्ट सांगतो.

झोंबीपटांचा इतिहास बऱ्याचदा लिहिला जातो आणि त्यात रक्त, मुखवटे, रंगभूषा यांचं बरंच वर्णन असतं. मला त्याहून या वादाचं कुतूहल आहे. पडद्यावर प्रेतं चालताहेत आणि बघणारे प्रेतांबद्दल अवाक्षर न काढता जिवंतांच्या निर्णयांवरून भांडताहेत, ही सवय कुठून आली? कारण झोंबी जिथे जन्मला तिथे या वादाला जागाच नव्हती.

तो जन्मला हैतीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या या वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम होते. आफ्रिकेतून आणलेल्या या माणसांना उसाच्या मळ्यांत इतकं राबवलं जाई की मरणाऱ्यांची जागा भरायला सतत नवी जहाजं मागवावी लागत. १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. मळा गेला, पण मळ्याची भीती लोकांच्या मनात राहिली. बोकोर म्हणजे काळी विद्या जाणणारा मांत्रिक. तो थडग्यातून माणूस उठवतो, त्याचं मन काढून घेतो आणि त्याला शेतावर जुंपतो, अशी ही समजूत. हैतीच्या माणसाला झोंबीची भीती वाटायची ती तो चावेल म्हणून नव्हे, आपण झोंबी होऊ म्हणून. मेल्यावर तरी वेठबिगार सुटेल ही आशाही जिथे हिरावली जाते, तिथली ही भीती आहे.

अमेरिकेला हा झोंबी दाखवला विल्यम सीब्रुक या पत्रकाराने. १९१५ पासून हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. तिथे राहून आलेल्या सीब्रुकने १९२९ मध्ये ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक लिहिलं. त्यातली गोष्ट एखाद्या साखर कारखान्याच्या हजेरीबुकातून उचलल्यासारखी आहे. हास्को या अमेरिकन साखर कंपनीकडे एक मुकादम मजुरांची टोळी घेऊन येतो. मजूर शून्यात बघत रांगेत उभे. विचारलं तर म्हणतो, डोंगरातली अडाणी माणसं आहेत, गोंगाटाने बावरली आहेत. ती दिवसभर ऊस तोडतात आणि मजुरी मुकादम घेतो. त्यांना मिठाचा कण द्यायचा नाही, हा दंडक. पण मुकादमाच्या बायकोला त्यांची दया येते आणि ती सणाच्या दिवशी त्यांना गोड वड्या खाऊ घालते. वड्यांतल्या दाण्यांना मीठ लावलेलं असतं. मीठ जिभेवर पडताच त्यांना कळतं की आपण मेलेले आहोत. मग ती सगळी आपापल्या गावच्या स्मशानाकडे चालू लागतात.

सीब्रुक रंगवून सांगणारा लेखक होता, तेव्हा यातलं किती खरं हा प्रश्न सोडून देऊ. या गोष्टीत गुन्हेगार कोण याबद्दल कुणालाही शंका पडत नाही, हे मात्र ध्यानात घ्यावं. मुकादम दोषी, मजूर निर्दोष. निवड करायला त्यांना मनच ठेवलेलं नाही. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’ चित्रपटातही तेच. बेला लुगोसीचा मांत्रिक साखरेचा कारखाना चालवतो. घाण्याभोवती फिरणाऱ्या झोंबींपैकी एक जण घाण्यात पडतो आणि बाकीचे न थांबता फिरत राहतात. झोंबीपटांत मी पाहिलेल्या दृश्यांपैकी हे सर्वांत भीषण, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. पण हे पाहून घरी जाताना कुणी कुणाशी वाद घालत नाही. मालक असला की वाद मिटतो.

मालक गेला तो १९६८ मध्ये.

पिट्सबर्गमध्ये जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र जाहिराती आणि छोटे व्यावसायिक चित्रपट करत. सव्वा लाख डॉलरांच्या आत त्यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ उभा केला. पेनसिल्वेनियातलं एक जुनं शेतघर, कृष्णधवल फिल्म, रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. मूळ कल्पना रिचर्ड मॅथसनच्या ‘आय अ‍ॅम लेजंड’ (१९५४) या कादंबरीवरून सुचली, हे रोमेरोने मोकळेपणाने सांगितलं आहे. त्या कादंबरीत एकच माणूस उरला आहे. तो घर बंद करून बसतो आणि रात्री बाहेरून रक्तपिपासू त्याला हाका मारतात. एकटाच, तेव्हा भांडणार कुणाशी? रोमेरोने त्या घरात सात माणसं कोंडली. माझ्या मते झोंबीच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हा आहे. मुडदे माणसं खाऊ लागले हा बदल दुय्यम.

बेन हा तरुण घरात शिरतो आणि दारंखिडक्यांवर फळ्या ठोकायला घेतो. बार्ब्रा ही धक्क्याने बधिर झालेली मुलगी सोफ्यावर बसून. बराच वेळ गेल्यावर तळघराचं दार उघडतं आणि आतून माणसं बाहेर येतात. हॅरी कूपर हा मध्यमवयीन गृहस्थ, टॉम हा तरुण, आणि खाली कूपरची बायको, टॉमची मैत्रीण जूडी आणि चावा बसल्यामुळे आजारी पडलेली कूपरची मुलगी. बेन भडकतो. वर किंचाळ्या चालू असताना तुम्ही खाली बसून होतात? कूपर म्हणतो, जीव धोक्यात घालून वर कशाला यायचं? मग सुरू होतो तो वाद. कूपरचं म्हणणं, तळघराला एकच दार आहे, ते आतून पक्कं करता येतं, वर खिडक्याच खिडक्या. बेनचं म्हणणं, तळघर म्हणजे सापळा, एकदा ते आत घुसले की पळायला वाट नाही. टॉम मधला मार्ग काढतो, वर राहू, अगदीच बेतलं तर खाली जाऊ. कूपर ऐकत नाही. वरचा मालक मी, असं बेन बजावतो.

प्रेक्षक अर्थातच बेनच्या बाजूचा. तो शांत, कामसू, धीराचा. कूपर भित्रा, चिडका, आपल्यापुरतं पाहणारा. डुएन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने बेन केला होता, आणि भूमिका लिहिताना वंशाचा विचार नव्हता असं रोमेरो सांगत असे. चित्रपट १ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये प्रथम दाखवला गेला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेली. काळा माणूस हुकूम देतो आणि गोरा गृहस्थ तो मानायला तयार नाही, याचा अर्थ त्या वर्षी कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

आता पुढे काय होतं ते पाहा. बेनच्या बेतानुसार ट्रकमध्ये पेट्रोल भरायला जातात, भडका उडतो, टॉम आणि जूडी जळून मरतात. बेन परत येतो तेव्हा कूपर दार उघडत नाही. पुढे कूपर बंदूक हिसकावतो आणि बेन त्याला गोळी घालतो. कूपर धडपडत तळघरात उतरतो आणि तिथे त्याची मुलगी झोंबी होऊन त्यालाच खाते, आईचाही जीव घेते. वर दारं तुटतात, मुडदे घरभर पसरतात. एकटा उरलेला बेन कुठे जातो? तळघरात. दार आतून पक्कं करून बसतो आणि रात्र काढतो. ज्या कूपरला त्याने मारलं, त्याच कूपरच्या युक्तीने तो वाचतो. सकाळी बंदूकधारी गावकरी मुडदे टिपत येतात, खिडकीत हालचाल दिसते, आणि ते बेनच्या कपाळात गोळी घालतात.

मग बरोबर कोण? कूपरचा बेत योग्य होता, पण त्या बेतातच चावा बसलेली मुलगी होती. सगळे खाली गेले असते तर तिने त्यांना तिथेच गाठलं असतं. बेनचा बेत दिलदार होता आणि त्यापायी दोघं जळाले. बेन वाचला, पण मदतीला आलेल्यांनीच त्याला मारलं. रोमेरोने प्रत्येक पारड्यात आणखी एक वजन टाकून ठेवलं आहे. ‘जो जगला तो शहाणा’ हा सोपा निकष शेवटच्या पाच मिनिटांत त्याने मोडून टाकला. पुढच्या कित्येक चाहत्यांनी तो निकष पुन्हा जोडून वापरला, ही वेगळी गोष्ट.

चित्रपटाची एक कागदोपत्री चूक फार मोलाची ठरली. मूळ नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकाने नाव बदललं आणि नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नाही म्हणजे हक्क नाही. चित्रपट पहिल्या दिवसापासून सर्वांचा झाला. निर्मात्यांचं नुकसान झालं, पण मध्यरात्रीच्या खेळांतून, दूरचित्रवाणीवरून, स्वस्त व्हिडिओ कॅसेटींमधून तो घरोघरी गेला आणि त्याच्याबरोबर मालक नसलेला, झुंडीने येणारा, चावून पसरणारा झोंबीही. कुणालाही तो वापरता येत होता.

रोमेरोने स्वतः १९७८ मध्ये ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये माणसांना मॉन्रोव्हिलच्या मॉलमध्ये कोंडलं आणि १९८५ मध्ये ‘डे ऑफ द डेड’मध्ये सैनिक आणि शास्त्रज्ञांना भूमिगत तळावर. दोन्हींवर खूप लिहिलं गेलं आहे. त्यापेक्षा कमी बोललं जातं ते १९९० च्या पुनर्निर्मितीबद्दल. टॉम सॅविनीने दिग्दर्शित केलेल्या या नव्या ‘नाइट’ची पटकथा रोमेरोचीच. वादही तोच, बेन आणि कूपर तसेच भांडताहेत. पण इथली बार्बरा बधिर नाही. ती खिडकीतून बाहेर बघते आणि म्हणते, हे किती हळू चालतात, यांच्या बाजूने सरळ निघून जाता येईल. कुणी ऐकत नाही. शेवटी ती एकटी चालत निघून जाते आणि जगते. वीसेक वर्षं लोक ‘वर की खाली’ यावर भांडत असताना लेखकानेच तिसरं उत्तर पुढे केलं, असं मला वाटतं. सकाळी ती परतते तेव्हा माळ्यावर लपून वाचलेला कूपर समोर येतो, आणि ती त्याला गोळी घालते. म्हणजे इथेही निकाल लागला असं समजू नये.

दीड-दोन तासांच्या चित्रपटात वाद मर्यादेत राहतो. रॉबर्ट कर्कमन या केंटकीच्या तरुण कॉमिक्स-लेखकाचं दुखणं हेच होतं की झोंबीपट संपतात. शेवट झाल्यावर त्या माणसांचं काय होतं? न संपणारा झोंबीपट, ही त्याची कल्पना. आधी त्याला आपलं कॉमिक ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ याच नावाने काढायचं होतं. पण सर्वांच्या मालकीचं नाव आपल्या मालकीचं होत नाही, म्हणून प्रकाशकाने स्वतंत्र नाव घ्यायला लावलं. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘द वॉकिंग डेड’चा पहिला अंक आला, चित्रं टोनी मूरची. सातव्या अंकापासून चार्ली अ‍ॅडलार्ड. रंग नाहीत, रोमेरोच्या चित्रपटासारखंच काळं-पांढरं. हे कॉमिक १९३ अंक चाललं आणि जुलै २०१९ मध्ये आगाऊ घोषणा न करता बंद झालं. अंकाच्या मागच्या पानांवर वाचकांची पत्रं आणि त्यांना कर्कमनची उत्तरं असत. तळघराचा वाद तिथे पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला छापून येऊ लागला.

आता शेनकडे परत. कॉमिकमध्ये शेन सहाव्या अंकातच मरतो. सुरुवातीच्या प्रसंगातल्या मुलाचा बाप रिक, त्याच्यावर तो बंदूक रोखतो आणि रिकचा तोच लहान मुलगा कार्ल त्याला गोळी घालतो. फ्रँक डॅराबाँटने कॉमिकवरून बेतलेली आणि ३१ ऑक्टोबर २०१० पासून एएमसी वाहिनीवर दाखवलेली मालिका त्याला जवळजवळ दोन पर्वं जगवते. वादासाठी हे खत होतं. कूपर कुणालाच आवडत नव्हता, पण शेन आवडतो. तो देखणा आहे, धाडसी आहे, रिकच्या बायकोमुलाला त्यानेच वाचवलं आहे. शेतमालक हर्शेलच्या कोठारात कोंडलेले मुडदे मोकळे करून मारायचे की आजारी माणसं समजून सांभाळायचे, कैदी पोराला मारायचं की सोडायचं, अशा प्रत्येक वळणावर शेनचं म्हणणं कठोर असतं आणि पुढच्या घटना पुष्कळदा त्याच्या बाजूने कौल देतात. रिक त्याला मारतो आणि त्या पर्वाच्या अखेरीस जाहीर करतो की आता इथे लोकशाही नाही. नंतरच्या पर्वांत रिक स्वतःच इतका कठोर होतो की चाहत्यांचं आवडतं विधान तयार झालं: शेन चुकीचा नव्हता, फक्त लवकर आला. चटपटीत आहे, पण मला पटत नाही. शेनने रिकला मारायला जंगलात नेलं ते टोळी वाचवायला नव्हे, रिकची बायको मिळवायला. हा एक तपशील गाळला की बाकीचा युक्तिवाद छान उभा राहतो.

वादाला आणखी एक गोष्ट मिळाली, आठवड्याचं अंतर. ऑक्टोबर २०११ पासून वाहिनीने ‘टॉकिंग डेड’ हा कार्यक्रमच सुरू केला. भाग संपला की लगेच सोफ्यावर कलाकार, लेखक आणि चाहते बसून त्याच भागाची चिरफाड करायचे. सूत्रसंचालक ख्रिस हार्डविक. त्या भागात मेलेल्यांना श्रद्धांजली वाहण्याचं एक ठरलेलं सदर होतं, त्यात नाव नसलेल्या मुडद्यांचाही गमतीने समावेश असे. २५ ऑक्टोबर २०१५ ला ग्लेन हे लाडकं पात्र कचऱ्याच्या मोठ्या पेटीवरून झुंडीत पडताना दाखवलं, पण त्या रात्री श्रद्धांजलीत तो नव्हता. एवढ्यावरून लोकांनी ताडलं की ग्लेन जिवंत आहे. जवळजवळ महिनाभर पडण्याचे कोन आणि पेटीखालची जागा यांवर भांडणं झाली आणि ग्लेन पेटीखालून निघाला. लोक चिडले. वर्षभराने, ऑक्टोबर २०१६ मध्ये, नीगन या खलनायकाने बॅटने ग्लेनचं डोकं फोडलं, तेही आधीचं पर्व नेमकं त्या क्षणावर तोडून आणि सहा महिने ताटकळत ठेवून. तिथून प्रेक्षक गळू लागला. पाचव्या पर्वाचा पहिला भाग १ कोटी ७३ लाख लोकांनी पाहिला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये १७७ वा आणि शेवटचा भाग लागला तेव्हा त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही उरले नव्हते. हिंसा जास्त झाली असं तेव्हा म्हटलं गेलं. मला वाटतं, चाहत्यांना पात्रांच्या निर्णयांवर वाद घालायचा होता आणि त्यांना लेखकांच्या चलाखीवर घालावा लागला.

चाहत्यांच्या तराजूत खोट नाही असं समजू नका. रिक आणि शेन दोघांनाही वकील मिळाले, पण रिकची बायको लोरी हिला मिळाला नाही. नवरा मेला असं शेननेच सांगितल्यावर ती शेनच्या जवळ जाते, आणि रिक जिवंत परततो. तिचा गुन्हा एवढाच, तरी तिच्या वाट्याला जितके शिव्याशाप आले तितके माणसं मारणाऱ्यांच्याही आले नाहीत. टोळीतल्या कॅरलचं उलट. तापाची साथ पसरू नये म्हणून ती दोन आजारी माणसांना मारते आणि पुढे लिझी या मुलीलाही. लिझीने मुडदे परत येतात म्हणून स्वतःच्या बहिणीला भोसकलेलं असतं, तिला तान्ह्या बाळाजवळ ठेवणं शक्य नव्हतं. २०१४ च्या त्या भागावर मी दोन्ही बाजूंची उत्तम मतं ऐकली आहेत आणि अजून कुठल्याही बाजूला गेलेलो नाही.

मराठी वाचकाला इथे वेताळ आठवणारच. खांद्यावरच्या प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, राजा, यात दोष कुणाचा? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही कोडी लोक सोडवत होते. हैतीच्या झोंबीशी वेताळाचं काही नातं नाही, ओढूनताणून जोडूही नये. आपल्याकडे प्रश्न प्रेत विचारतं आणि राजाचं उत्तर मान्य करतं. रोमेरोच्या घरात प्रेतं मुकी आहेत, आणि उत्तर बरोबर की चूक हे सांगणारं कुणी नाही.

नात्याची गोष्ट निघाली तर २०२२ चा आदित्य सरपोतदारचा ‘झोंबिवली’ मात्र थेट रोमेरोच्या घराण्यातला. डोंबिवलीतली उंच इमारत, तिच्या पायथ्याशी वस्ती, आणि दार कुणासाठी उघडायचं हा प्रश्न. विनोदी अंगाने जातो, शेवटी जरा घाईही करतो, पण गेटवरचा तो झगडा म्हणजे तळघराचाच वाद, सोसायटीच्या भाषेत.

माझं मत विचाराल तर माणूस म्हणून कूपर भिकार होता, पण तळघराबाबत त्याचं बरोबर होतं. आणि ऑटिसच्या बाबतीत शेनचं चुकलं. पटत नसेल तर १९६८ चा तो चित्रपट आधी पाहा. दीड तासाहून थोडा मोठा आहे, आणि स्वामित्वहक्क नसल्यामुळे इंटरनेटवर राजरोस फुकट मिळतो.